श्येनविद्या : शिकारी पक्ष्याच्या आकारमानाची निवड

श्येनविद्या : माणसाळविलेल्या शिकारी पक्ष्याकडून रानातील पशुपक्ष्यांची शिकार करून घेण्याच्या कलेस श्येनविद्या किंवा बाजदारी म्हणतात. पक्षी पकडणे, त्याला माणसाची सवय लावणे, त्याची भूक व वजन राखणे, त्याला सावजावर सोडणे आणि परत बोलावणे अशी या कलेची अनेक अंगे आहेत. या सर्वांच्या आधीचा निर्णय पक्ष्याच्या निवडीचा असतो आणि त्या निवडीत जातीइतकेच महत्त्व आकारमानाला असते. मोठा पक्षी अधिक बलवान, म्हणून अधिक चांगला, असा सामान्य समज आहे. भारत, इराण व यूरोप येथील जुन्या बाजदारांचा अनुभव मात्र वेगळा होता. सावज, भूप्रदेश आणि बाजदाराजवळील साधने या तिहींशी जुळेल तेच आकारमान योग्य, असे त्यांच्या व्यवहारावरून दिसते. जेथे हा विचार सुटला आणि आकारमान हेच प्रतिष्ठेचे लक्षण ठरले, तेथे त्याची किंमत पक्ष्यांना मोजावी लागली.

ग्रंथपरंपरा : कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथातील विनोदांच्या विंशतीत ‘श्येनविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. बाराव्या शतकातील दख्खनच्या राजदरबारात ही कला प्रतिष्ठित होती, याचा तो पुरावा होय. कुमाऊंचा राजा रुद्रदेव याच्या श्यैनिकशास्त्र या सात परिच्छेदांच्या ग्रंथात शिकारी पक्ष्यांचे प्रकार, शिक्षण, आहार व रोग यांचे विवेचन असून महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनी तो इंग्रजी भाषांतरासह १९१० मध्ये कलकत्ता येथे प्रसिद्ध केला. यूरोपात पवित्र रोमन सम्राट दुसरा फ्रीड्रिख याने तेराव्या शतकात पक्ष्यांद्वारे करावयाच्या शिकारीवर विस्तृत लॅटिन ग्रंथ रचला. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरीत शाही बाजखान्याची व्यवस्था वर्णिली आहे. पश्तू कवी खुशालखान खटक याचे बाजनामा हे काव्य सतराव्या शतकातील, तर तैमूर मिर्झा याचा बाजनामा-इ-नासिरी हा फार्सी ग्रंथ एकोणिसाव्या शतकातील असून दुसऱ्याचे डी. सी. फिलट यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. टी. सी. जर्डन यांच्या भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथात (१८६२–६४) देशी बाजदारांच्या रीतींची बहुमोल नोंद आढळते.

पक्ष्यांचे दोन वर्ग : आकारमानाचा विचार करण्यापूर्वी पक्ष्याचा वर्ग ध्यानात घ्यावा लागतो. फार्सी व हिंदी परंपरेत शिकारी पक्ष्यांचे ‘सियाह-चश्म’ म्हणजे काळ्या डोळ्यांचे आणि ‘गुलाब-चश्म’ म्हणजे गुलाबी किंवा पिवळसर डोळ्यांचे असे दोन वर्ग मानीत. श्यैनिकशास्त्रातही डोळ्यांच्या रंगावरून असाच भेद केला आहे. बहिरी, शाहीन, चरग, लग्गर व तुरुमती हे पहिल्या वर्गातील ससाणे होत. त्यांचे पंख लांब व टोकदार असतात. ते मोकळ्या आकाशात दीर्घ पाठलाग करतात किंवा उंचावरून सूर मारून सावजाला तडाखा देतात. बाज, बाशा, बेसरा व शिक्रा हे दुसऱ्या वर्गातील पक्षी होत. त्यांचे पंख आखूड व गोलसर, तर शेपटी लांब असते. झाडीतून चपळपणे वळत अल्प अंतरात सावज गाठणे ही त्यांची पद्धत होय. त्यामुळे सारख्याच वजनाचे दोन पक्षी वेगवेगळ्या वर्गांतील असतील, तर त्यांचा उपयोगही निराळा होतो. आकारमानाची तुलना प्रथम एका वर्गाच्या मर्यादेतच करणे योग्य ठरते. [→ बहिरी ससाणा, शिक्रा].

नर व मादी : बहुतेक पक्ष्यांत नर मादीएवढा किंवा तिच्याहून मोठा असतो. शिकारी पक्ष्यांत याच्या उलट मादी मोठी असते. हा फरक वेगवान पक्ष्यांवर उपजीविका करणाऱ्या जातींत सर्वांत ठळक, तर मृतभक्षक गिधाडांत जवळजवळ नाहीसा झालेला दिसतो. बाशाच्या नराचे वजन सु. ११० ते १९५ ग्रॅ., तर मादीचे सु. १८५ ते ३४० ग्रॅ. असते, म्हणजे मादी नराच्या पाऊणेदोन ते दुप्पट वजनाची भरते. या उलट्या प्रमाणाच्या कारणांविषयी प्राणिशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. बाजदाराच्या दृष्टीने त्याचा अर्थ मात्र सरळ होता : एकाच जातीतून त्याला दोन वेगळ्या मापांचे पक्षी मिळत.

म्हणूनच देशी बाजदारांच्या भाषेत नर व मादी यांना स्वतंत्र नावे होती. बाज ही मादी, तिचा नर जुर्रा. बाशा मादी, बाशीन नर. शिक्रा मादी, चिपक नर. बेसरा मादी, धूती नर. चरग मादी, चर्गेला नर. लग्गर मादी, झग्गर नर. मादीचे नाव हेच जातीचे नाव होते. इंग्रजीतही ‘फाल्कन’ हा शब्द बाजदार मादीपुरताच वापरीत आणि नराला ‘टर्सेल’ म्हणत. ‘तृतीयांश’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून तो आला असून नर मादीहून सु. एकतृतीयांशाने लहान असतो, असे त्याचे स्पष्टीकरण सामान्यतः देतात. लग्गर व चरग यांची शास्त्रीय नावे अनुक्रमे फाल्को जगर व फाल्को चेरग अशी आहेत. त्यांतील दुसरी पदे हिंदुस्थानी बाजदारांच्या बोलीतूनच घेतलेली असून त्यांपैकी ‘जगर’ हे मूळचे केवळ नराचे नाव होय.

नावांतील हा भेद कामाच्या वाटणीतून आला होता. जर्डनच्या नोंदींनुसार बाज मादी ससा, बदक, बगळा यांसारख्या मोठ्या सावजांवर, तर जुर्रा तित्तिर, कावळा, लहान बदके यांवर सोडीत. इंग्लंडमध्ये सॉल्झबरीच्या माळावर रूक या जातीच्या कावळ्यांसाठी बहिरी ससाण्याची मादी निवडीत आणि तित्तिर किंवा मॅगपाय यांसाठी नर पसंत करीत. नर लहान म्हणून कनिष्ठ मानला जात नसे. झटकन वळणाऱ्या सावजाचा पाठलाग करताना त्याचे हलके शरीर उपयोगीच पडते.

सावज व पक्षी : निवडीचा पहिला निकष म्हणजे सावजाचे वजन. लाव्याचे वजन सु. १०० ग्रॅ., राखी तित्तिराचे सु. २५० ते ३५० ग्रॅ., सशाचे दीड ते अडीच कि.ग्रॅ. आणि करकरा क्रौंचाचे दोन ते तीन कि.ग्रॅ. असते. लाव्यासाठी शिक्रा किंवा बाशा पुरतो. भारतीय बाजदार हे लहान पक्षी मुठीत धरून लावा उडताच भाल्याप्रमाणे त्याच्या दिशेने फेकीत. त्यामुळे पक्ष्याला आरंभीचा वेग आयता मिळे. ही युक्ती लहान पक्ष्यापुरतीच शक्य आहे. किलोभर वजनाची बाज मादी मुठीवरून स्वतःच्या बळाने उडते आणि तिला तेवढ्या वेळात पूर्ण वेग घेता येत नाही. लाव्यावर बाज सोडणे म्हणूनच व्यर्थ ठरते. सावज झुडपात शिरेपर्यंत बाज त्याच्यापाशी पोहोचतच नाही.

उलट बाजूने, सावज पक्ष्याहून फार मोठे असल्यास धोका पक्ष्यालाच असतो. ससा मागच्या पायांनी लाथा झाडतो आणि पक्ष्याला काट्याकुट्यांतून फरफटत नेतो. म्हणून सशाच्या शिकारीत बाजाच्या पायांना चामड्याचे आवरण घालण्याची रीत होती. बगळा चोचीने भोसकतो. क्रौंच जमिनीवर आल्यावर पायांनी व चोचीने प्रतिकार करतो. हुबारा (तिलोर) हा माळढोकाच्या कुळातील पक्षी चिकट विष्ठेची पिचकारी मारून ससाण्याची पिसे निकामी करतो. अशा सावजांसाठी बाजदारांनी दोन उपाय योजले. एक, मोठ्या जातीची मादी वापरणे. सम्राट फ्रीड्रिखच्या काळी क्रौंचावर जिरफाल्कन हा उत्तर ध्रुवप्रदेशालगतचा सर्वांत मोठा ससाणा सोडीत. दुसरा, मध्यम आकारमानाचे दोन पक्षी जोडीने सोडणे; एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नेदर्लंड्‌समधील लो येथे बगळ्यांवर बहिरी ससाण्यांची जोडी उडवीत. दुसऱ्या उपायात एक पक्षी सावजाला गुंतवितो व दुसरा त्याला धरतो. आकारमानाची उणीव शिक्षणाने भरून काढण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

वजनाइतकेच पायांच्या घडणीकडेही लक्ष द्यावे लागते. बहिरी ससाण्याची बोटे लांब व सडपातळ असून ती उडत्या पक्ष्याला पकडण्यास सोयीची असतात. चरगाची बोटे तुलनेने आखूड व जाड असल्यामुळे जमिनीवरील सावज दाबून धरण्यास तो अधिक समर्थ ठरतो. जवळजवळ सारख्या मापाचे हे दोन ससाणे म्हणून वेगळ्या कामांसाठी निवडले जात.

प्रदेश व उपलब्धता : सिंध, पंजाब व राजस्थान येथील उघड्या मैदानांत काळ्या डोळ्यांच्या मोठ्या ससाण्यांना वाव होता. तेथे पाठलाग मैलभर चालला, तरी घोडेस्वार बाजदाराला तो दिसत असे. झाडी, बांध व उसाची शेते असलेल्या मुलखात मोठा ससाणा दृष्टीआड होऊन हरविण्याचा संभव अधिक असल्याने बाशा, शिक्रा यांसारखे अल्प पल्ल्याचे पक्षी उपयुक्त ठरत. दख्खनच्या पठारावर लग्गर व शिक्रा हे बारमाही पक्षी असून शाहीन कड्याकपारींत घरटी करतो. बहिरी हिवाळ्यात उत्तरेकडून येतो. बाज हा हिमालय व त्यापलीकडील थंड प्रदेशांतील पक्षी असल्याने दक्षिणेत तो व्यापारातूनच आणावा लागे आणि उन्हाळ्यात जगविणे कठीण जाई. यामुळे राजाच्या हातावर बाज आणि सामान्य शिकाऱ्याच्या हातावर शिक्रा असे चित्र दिसे. त्याचे मूळ पक्ष्याच्या गुणांइतकेच अंतर व खर्च यांत होते.

मोठ्या पक्ष्याला बाळगण्यासाठी साधनेही मोठी लागतात. कझाक शिकारी कोल्ह्यावर सोनेरी गरुडाची मादी वापरतात. तिचे वजन पाच-सहा कि.ग्रॅ. भरू शकते. एवढा भार हातावर तासन् तास पेलणे अशक्य असल्याने खोगिराला ‘बालदाक’ नावाचा दुबेळक्याच्या आकाराचा लाकडी आधार लावून त्यावर हात टेकतात. घोडा, विस्तीर्ण माळ आणि हिवाळ्यातील बर्फ यांवाचून या शिकारीची कल्पनाच करता येत नाही. याउलट शिक्रा बाळगणाऱ्याला गावाबाहेरचे शेत पुरे होते.

खुराक व वजनाची मर्यादा : आकारमानाचा खर्चाशी असलेला संबंध आईन-इ-अकबरीत आकड्यांनिशी दिसतो. अकबराच्या दरबारी पक्ष्यांना दिवसातून दोनदा खाद्य मिळे. बाजाला ७ दाम वजनाचे मांस, जुर्ऱ्याला ६ दाम, बहिरी व लाचीन (शाहीन) यांना ५ दाम, बाशाला ३ दाम आणि शिक्रा, बेसरा, धूती इ. लहान पक्ष्यांना २ दाम असे प्रमाण ठरलेले होते. दिवस मावळताना बाज, जुर्रा व बहिरी यांना प्रत्येकी सात, लाचीनला पाच, बाशाला तीन आणि इतरांना दोन चिमण्या देत. दाम हे तांब्याचे नाणे सु. २१ ग्रॅ. वजनाचे होते. त्या हिशेबाने बाजाला सु. १४५ ग्रॅ., तर बाशाला सु. ६३ ग्रॅ. मांस मिळे.

या आकड्यांतून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. बाज मादी वजनाने बाशाच्या सु. चौपट असते, परंतु तिचा खुराक सव्वादोनपटच आहे. लहान प्राण्याच्या शरीराची उष्णता लवकर निघून जाते व त्याचा चयापचय जलद असतो, म्हणून वजनाच्या मानाने त्याला अधिक अन्न लागते. शाही बाजखान्यातील कर्मचाऱ्यांना हे तत्त्व अनुभवाने ठाऊक होते, असे त्यांच्या प्रमाणावरून म्हणता येते.

यातूनच लहान पक्ष्याची खरी अडचण उद्‌भवते. शिकारी पक्षी भूक असेल तरच परत येतो. अति भुकेला झाला तर मात्र तो अशक्त होतो. या दोन टोकांमधील वजन राखणे हे बाजदाराचे मुख्य कौशल्य होय. पूर्वी ते छातीच्या हाडावरील मांस बोटांनी चाचपून ठरवीत, आता तराजू वापरतात. एक कि.ग्रॅ. वजनाच्या बाजात १० ग्रॅमची घट म्हणजे शेकडा १ होय, १५० ग्रॅ. वजनाच्या शिक्र्यात तीच घट शेकडा सु. ७ होते. बाजाने एक दिवस खाल्ले नाही तरी निभावते. शिक्र्याच्या बाबतीत थंडीची एक रात्र व एक चुकलेला घास जिवावर बेतू शकतो. शिक्रा स्वस्त, सहज मिळणारा व लवकर माणसाळणारा असल्याने नवशिक्याचा पक्षी समजला जाई, पण चुकीला त्याच्याजवळ सर्वांत कमी जागा असते. लहान पक्षी म्हणजे सोपा पक्षी, हा समज मोठा पक्षी म्हणजे चांगला पक्षी या समजाइतकाच फसवा आहे.

प्रतिष्ठा व आकारमान : इंग्लंडमध्ये १४८६ साली छापलेल्या बुक ऑफ सेंट ऑल्बन्स या ग्रंथात समाजातील दर्जानुसार पक्ष्यांची यादी दिली आहे. तीत सम्राटाला गरुड, राजाला जिरफाल्कन, उमराव स्त्रीला मर्लिन, स्वतंत्र शेतकऱ्याला बाज आणि पुरोहिताला बाशा नेमून दिला आहे. शिकारीत कधीच न वापरल्या जाणाऱ्या गिधाडाचाही तीत सम्राटाच्या पक्ष्यांमध्ये समावेश आहे. यावरून ही यादी प्रत्यक्ष व्यवहाराची नसून मानमरातबाची प्रतीके सांगणारी होती, हे उघड होते. ज्या बाजाला तीत खालचे स्थान आहे, त्यालाच फ्रान्समध्ये ‘स्वयंपाकी’ म्हणत. कारण घरात मांस आणणारा तोच होता.

याउलट अकबराची निवड उद्‌बोधक आहे. त्याच्या बाजखान्यात बाज, शाहीन, शुंकार (जिरफाल्कन) व बर्कत (सोनेरी गरुड) असे मोठे पक्षी होते. ते त्याने शिकविलेही होते. तरी त्याची विशेष आवड बाशावर होती, असे अबुल फज्लने नमूद केले आहे. हवा तो पक्षी मिळवू शकणाऱ्या सम्राटाने अडीचशे ग्रॅमच्या आसपासचा पक्षी पसंत करावा, यात पक्ष्याच्या मापापेक्षा त्याच्या कामगतीला महत्त्व देणारी जाणकारी दिसते.

विसाव्या शतकातील परिवर्तन : बंदुकीचा प्रसार, शेतीचा विस्तार व संस्थानांचे विलीनीकरण यांमुळे भारतात ही कला क्षीण झाली. भावनगर संस्थानात ती बराच काळ टिकून होती. तेथील राजघराण्यातील पक्षितज्ञ आर. एस. धर्मकुमारसिंहजी हे नामवंत बाजदारही होते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनंतर भारतात रानातील पक्षी पकडून त्यांच्याकडून शिकार करविणे कायद्याने बंद झाले.

अरबी द्वीपकल्पात मात्र खनिज तेलाच्या उत्पन्नामुळे हुबाऱ्याची शिकार वाढली आणि तिच्यासाठी चरगाच्या मोठ्या माद्यांना प्रचंड मागणी आली. पूर्वी स्थलांतराच्या वेळी धरलेला पक्षी हंगाम संपताच पुष्कळदा सोडून देत. आता मध्य आशिया व पाकिस्तान येथून पक्षी मोठ्या किंमतीला विकत घेतले जाऊ लागले. मागणी मुख्यतः तरुण व आकाराने मोठ्या माद्यांनाच असल्याने प्रजननक्षम पिढीचाच तुटवडा पडू लागला. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने २०१२ मध्ये चरगाची गणना संकटग्रस्त जातींत केली. या मोहाची झळ लहान पक्ष्यालाही लागली. लग्गराच्या पायांना पिसांचा गुच्छ व फासे बांधून त्याला उडवितात. त्याच्याजवळ सावज आहे असे समजून ते हिसकावण्यास येणारा मोठा ससाणा त्या फाशात अडकतो. ‘बारक’ म्हणून वापरण्यासाठी लग्गर मोठ्या प्रमाणावर पकडले गेल्याने ही एके काळी भारतीय उपखंडात सर्वत्र आढळणारी जातही विरळ झाली आहे. अधिवासाचा ऱ्हास व कीटकनाशके ही तिच्या घटीची इतर कारणे होत.

बंदिस्त प्रजननामुळे या समस्येवर अंशतः उपाय सापडला आहे. १९७० नंतर अमेरिकेत व यूरोपात ससाण्यांची पैदास यशस्वी झाली. जिरफाल्कन व चरग यांच्या संकरातून मोठे पक्षी निर्माण करण्यात येऊ लागले. संयुक्त अरब अमीरातीत शिकारीचे पक्षी पुन्हा रानात सोडण्याचा कार्यक्रम १९९५ पासून सुरू आहे. युनेस्कोने २०१० मध्ये श्येनविद्येचा मानवाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. २०२१ मध्ये या नोंदीत २४ देश सहभागी होते. पैदाशीच्या पक्ष्यामुळे जात, लिंग व आकारमान आधीच निवडता येते. परंतु संकरित पक्षी निसटून रानातील जातींत मिसळण्याचा धोका त्याबरोबरच आला आहे.

पक्ष्याला सावजाच्या मापाने निवडावे, प्रदेशाच्या मापाने उडवावे आणि स्वतःच्या वेळेच्या व साधनांच्या मापाने बाळगावे, असा जुन्या बाजदारीचा व्यवहार होता. त्यात बाज, जुर्रा, बाशा, चिपक या प्रत्येकाला स्वतंत्र नाव व स्वतंत्र काम होते. ही वाटणी पाळली जात होती, तोवर मागणी अनेक जातींत व दोन्ही लिंगांत विभागलेली होती. एकाच जातीच्या मोठ्या मादीवर ती एकवटल्यावर काय घडते, याचे प्रत्यंतर चरग व लग्गर यांच्या अलीकडच्या इतिहासात मिळते.